दवंडी जिना ओलांडत नाही

मी भौतिकशास्त्र शिकवते. एवढ्या एका कारणावरून आमच्या इमारतीतल्या लोकांनी गेल्या बावीस वर्षांत माझ्याकडून चार इस्त्र्या, दोन दारांवरच्या घंटा, एक शिवणयंत्र आणि एक कासव दुरुस्त करून घेतलं आहे. कासव बिघडलेलं नव्हतं, हिवाळ्याचं झोपलं होतं. पण मी ते सांगितल्यावर 'मास्तरीणबाईंनी नुसतं बघितलं आणि निदान केलं' अशी माझी ख्याती झाली. त्यामुळे इमारतीत संगणकांचं जाळं टाकायचं ठरलं, तेव्हा ते सांभाळणार कोण, हा प्रश्न बैठकीत निघालाच नाही. त्या बैठकीला मी नव्हते.

आमची इमारत ब्राइला शहरात, नदीवरच्या बंदराच्या बाजूला आहे. चार मजले, दोन जिने, लिफ्ट नाही. मागच्या अंगणात गालिचे झटकायची लोखंडी दांडी आहे आणि सगळ्या इतिहासाचं मूळ ती दांडी आहे. अठ्ठ्याण्णव साली तिला रंग द्यायचा होता. 'अ' जिन्याला हिरवा हवा होता, 'ब' जिन्याला निळा. सहा बैठका झाल्या. शेवटी दांडी बरोबर मध्यावर मोजून अर्धी हिरवी, अर्धी निळी रंगवली गेली आणि एका रहिवासी संघाचे दोन संघ झाले. दोन शिक्के, दोन सूचनाफलक, दोन कारभारी. 'अ'च्या झाम्फिराबाई, 'ब'चे बुझोर. मध्याचं माप मीच घेतलं होतं. मी आयुष्यात कधी माप वाकवलेलं नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. बाकी त्यांना एकमेकांचं काही मान्य नाही.

जाळं टाकताना मी भाबडेपणाने सुचवलं, की सगळ्या इमारतीचं एकच असू द्या. लगेच दोन हवीत असं ठरलं. जाळ्याला एक नंबर असतो आणि त्यावरून त्यातल्या प्रत्येक संगणकाचा पत्ता ठरतो. दोन्ही जिन्यांनी नंबर एक मागितला. एकाच नंबरची दोन जाळी जोडता येत नाहीत, हे मी तीन बैठकांत तीन वेगवेगळ्या आकृत्या काढून सांगितलं. शेवटी 'ब'ला दहा दिला आणि 'अ'ला वीस. 'ब'वाले म्हणाले, आमचा आधी येतो. 'अ'वाले म्हणाले, आमचा दुप्पट आहे. दोन्हीकडे त्या संध्याकाळी बाटल्या उघडल्या गेल्या. माझ्या आयुष्यातला हा एकमेव मुत्सद्दी विजय.

दोन जाळ्यांच्या मध्ये राउटर हवा. एक जुना संगणक घेऊन मी त्याला दोन वायरी जोडल्या, एक 'अ'ची, एक 'ब'ची, आणि तळमजल्यावरच्या कपडे वाळवायच्या खोलीत ठेवला. कारण दोन्ही जिन्यांना दार असलेली तेवढी एकच जागा आहे. त्यावर कुणाची तरी चादर ठिबकत असते. तरी दोन वर्षं तो बिनतक्रार चालला.

मग फेब्रुवारीत माझे वडील बर्फावरून घसरले.

माझे वडील, हारालांब, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बंदरावर धान्य तोलायचं काम करायचे. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, असं सर्जनने सांगितलं आणि मग चष्मा काढून म्हणाला, आता घरातल्या घरात चालवा. उन्हाळ्यापर्यंत उठले तर उठले, नाही तर उठायचे नाहीत. घरी आणून मी बैठकीच्या खोलीत त्यांचा पलंग मांडला आणि शेजारी चालण्याचा चौपायी आधार ठेवला. वडिलांनी त्याच्यावर टोपी अडकवली.

"चाला, बाबा," मी म्हणाले.

"कुठे?"

"कपाटापर्यंत."

"कपाटात कोण आहे?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

प्रश्न रास्त होता. तेहेतीस वर्षं ते रोज दुपारी चारला, म्हणजे झोपेची वेळ संपली की, चार मजले उतरून त्या दांडीशेजारच्या बाकावर जात होते. तिथे पानाइतेकाका यायचे. काका बंदरावर क्रेन चालवायचे. दोघं ताब्ले खेळायचे: तीस सोंगट्या, दोन फासे आणि सतत भांडण. काकांचं घर 'अ' जिन्यात चौथ्या मजल्यावर. आमचं 'ब' जिन्यात चौथ्या मजल्यावर. म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीची भिंत हीच त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत. मधलं अंतर अठरा सेंटिमीटर. पण भेटायचं तर चार मजले खाली आणि चार मजले वर, आणि काकांचे गुडघे असे की उतरले तर वर परत कोण आणणार, हा प्रश्न. ते मार्चमध्ये एकदा आले होते. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसून त्यांनी माझ्यापाशी निरोप दिला आणि तिथूनच परत गेले.

आम्ही फोनवर खेळून पाहिलं. पानाइतेकाकांनी फोनवर लागोपाठ तीनदा सहा-सहा टाकले. वडिलांनी फोन ठेवला. "फोनवर मीही नेपोलियन आहे," म्हणाले. त्या रात्रीचा चोर्बा, म्हणजे आमचं आंबट सूप, त्यांनी अर्धा परत पाठवला, दुसऱ्या दिवशी सगळा.

तेव्हा मला संगणक सुचला. काकांकडे एक होता, इटलीतल्या मुलीने दिलेला. मी ताब्लेचा एक खेळ शोधून काढला. त्यात फासे संगणकच टाकतो, म्हणजे लबाडीचा प्रश्नच नाही. दोन्हीकडे बसवला. माझा संगणक पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, वडिलांच्या पाठीशी तीन उशा लावल्या आणि त्यांनी एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'जोडीदार शोधत आहे.' भिंतीपलीकडे काकांच्या पडद्यावरही आलं: 'जोडीदार शोधत आहे.' वीस मिनिटं झाली. अठरा सेंटिमीटरवर बसलेले दोन म्हातारे एकमेकांना शोधत होते.

चूक राउटरची नव्हती, हे मी आजही सांगते. त्या खेळात समोरच्याचा पत्ता लिहायची सोयच नव्हती. तो दवंडी पिटायचा: ऐका हो ऐका, कुणी खेळायला आहे का? जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला दवंडी ऐकू जाते, ज्याला खेळायचं तो उत्तर देतो. पण राउटर दवंडी वेशीबाहेर सोडत नाही. पत्ता लिहिलेलं पत्र द्या, तो इमानाने पलीकडे पोचवेल. 'ब'मधली दवंडी मात्र 'ब'मध्येच पिटायची, 'अ'मधली 'अ'मध्ये. तसं नसतं तर जगातल्या प्रत्येक संगणकाची प्रत्येक आरोळी प्रत्येकाच्या घरात आली असती. ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे.

हे मी वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे तुझं यंत्र झाम्फिरासारखं आहे," ते म्हणाले. "पत्र दिलं तर घेते, हाक मारली तर ऐकू येत नाही."

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. बुझोर म्हणाले की वायर जाड घाला, जाड नळातून पाणी जास्त येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या भाच्याने असंच झालं तेव्हा यंत्र व्हिनेगरने पुसलं होतं. तो भाचा आता कॅनडात असतो; त्याचा व्हिनेगरशी संबंध काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण आवाजात तसं सुचवलं. झाम्फिराबाईंचं मत असं, की दोष 'ब' जिन्याच्या बाजूचा असणार.

मी ठरवलं, राउटरवर एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवायचा. एका बाजूची दवंडी ऐकायची आणि दुसऱ्या बाजूला तशीच पिटायची. चाळीस ओळी. पण राउटर दोन्ही संघांचा, म्हणून दोन अर्ज. झाम्फिराबाईंनी लेखी विचारलं की दवंडी म्हणजे नक्की काय आणि तिचा जूनमधल्या नगरपालिकेच्या निवडणुकीशी काही संबंध आहे का. मी लिहून दिलं, नाही. बुझोर यांनी विचारलं की 'अ'ची दवंडी जर 'ब'मध्ये येणार असेल, तर 'ब'ची 'अ'मध्ये तेवढीच जाईल याची हमी काय. मी लिहून दिलं, 'दोन्हीकडे समान संख्येने.' या वाक्याची आठवण मला पुढे बऱ्याच लोकांनी करून दिली.

रविवारी संध्याकाळी पाचला मी वाळवायच्या खोलीत प्रोग्राम सुरू केला आणि धावत वर आले. वडिलांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पानाइते.' वडील कोपरावर उठले. दोन महिन्यांत ते आपणहून पहिल्यांदा उठले होते, आणि मी तेच बघत होते, म्हणून पडदा गोठला ते मला थोडं उशिरा कळलं.

मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी प्रतिध्वनी शिकवते. तरी माझ्या हातून हे झालं. माझा प्रोग्राम 'ब'ची दवंडी ऐकून 'अ'मध्ये पिटत होता. मग 'अ'मध्ये दवंडी पिटली जाते आहे, हे त्याने ऐकलं. ती त्याने 'ब'मध्ये पिटली. मग 'ब'मध्ये ऐकली. स्वतःचाच आवाज ओळखायची त्याला मी सोयच ठेवली नव्हती. इमारतीतल्या एकतीस संगणकांच्या कानांत तो एकच प्रश्न ओतला जात होता आणि दुसरं काही ऐकायला कुणाला जागा उरली नव्हती.

पाच मिनिटांत आमच्या बैठकीच्या खोलीत माणसं. बुझोर सपाता घालून आले. त्यांचा कुठलासा चित्रपट चार दिवस संगणकावर उतरत होता आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकला होता. पाठोपाठ झाम्फिराबाई. 'अ' जिना उतरून, 'ब' जिना चढून, सहा वर्षांत पहिल्यांदा. इटलीत, तोरिनोला असलेला त्यांचा नातू त्या क्षणी पहिलं पाऊल टाकत होता आणि बाई पडद्यावर बघत होत्या. त्याचा एक पाय हवेत राहिला. पडदा काळा झाला नाही; पाय हवेत, तसाच.

"तुमचे वडील एवढं काय ओरडत होते?" त्यांनी विचारलं.

"विचारत होते, कुणी खेळायला आहे का."

"किती वेळा?"

मी खाली जाऊन प्रोग्राम थांबवून, मोजून आले होते. खोटं सांगायची मला सवय नाही. "सेकंदाला साधारण चार हजार वेळा," मी म्हणाले.

वडील पुन्हा भिंतीकडे वळले होते. झाम्फिराबाई त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. बोलायला आणलेलं सगळं त्यांनी परत नेलं, असं मला वाटलं.

तरी मंगळवारी दोन्ही संघांची संयुक्त बैठक झाली, अठ्ठ्याण्णवनंतरची पहिली, आणि एकमताने ठराव झाला: आग्लायाबाईंनी, म्हणजे मी, राउटरला हात लावू नये. दोन्ही फलकांवर, दोन्ही शिक्क्यांसह. 'ब'मध्ये तो पाणी बंद राहण्याची सूचना आणि कबुतरांना खायला न घालण्याची सूचना यांच्या मधोमध लावला होता. माझे विद्यार्थी त्याच रस्त्याने शाळेत जातात. दुसऱ्या दिवशी प्रतिध्वनीच्या तासाला वर्ग विलक्षण शांत होता.

पण अपमानाने डोकं कधीकधी स्वच्छ होतं. दवंडी सीमेपलीकडे न्यायची कशाला? पानाइतेकाकांनाच अलीकडे आणू. भिंतीला बोटभर भोक पाडून एक वायर ओढली, की काकांचा संगणक 'ब'च्या जाळ्यात आला. राउटरला हातही लावायला नको. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

भिंत कुणाची, एवढंच ठरवायचं होतं. बुझोर म्हणाले, आमची. झाम्फिराबाई म्हणाल्या, आमची. नकाशे निघाले. शेवटी प्रत्येकी नऊ सेंटिमीटर असा निकाल लागला. म्हणजे मला अर्ध्या भोकाची परवानगी 'ब'कडून आणि अर्ध्याची 'अ'कडून घ्यावी लागली. आपला रहिवासी दहा नंबरच्या जाळ्यात जाणार, हे झाम्फिराबाईंना जड गेलं. अर्ज हातात घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. "पानाइतेचा संगणक कामानिमित्त परदेशी गेला असं लिहिते," म्हणाल्या. "आपल्याकडे तसे पुष्कळ जातात. जूनअखेरपर्यंत." आणि शिक्का मारला.

परवान्यात भोकाची जागा लिहिली होती: खिडकीच्या भिंतीपासून साठ सेंटिमीटर, जमिनीपासून एकशेदहा. आपापला अर्धा भाग आपापल्या संघाने पाडायचा. काँक्रीटला चालेल असं ड्रिल यंत्र मात्र इमारतीत एकच, बुझोर यांचं. शनिवारी सकाळी त्यांनी आमच्या बाजूने नऊ सेंटिमीटर भोक पाडलं. त्या थरथरीत टीव्हीवरचा काचेचा मासा लेसच्या रुमालासकट खाली आला. तो आईने लग्नात आणला होता; वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, त्सुइकाची, घरच्या दारूची, बाटली लपवायला तेवढा एकच कामाला यायचा. अर्थ मी विचारला नाही. मग यंत्र चार मजले उतरलं, चार मजले चढलं आणि झाम्फिराबाईंनी पलीकडून स्वतः नऊ सेंटिमीटर पाडले. तोवर दोन वाजले. दोन ते चार इमारतीत आवाज करायचा नाही. चारला आम्ही वायर घातली. ती नऊ सेंटिमीटरवर अडली.

दोन्ही भोकं जमिनीपासून बरोबर एकशेदहावर होती. फक्त काकांच्या जावयाने दोन वर्षांपूर्वी जुन्या लाकडी जमिनीवर नवी बसवली होती, चार सेंटिमीटर जाडीची. दोन भोकं एकमेकांच्या डोक्यावर उभी होती.

चूक कुणाची यावर या जिन्यातून त्या जिन्यात बोलणं झालं. आपलं भोक हलवायला कुणी तयार नव्हतं. परवान्यात एकशेदहा लिहिलं होतं आणि एकशेदहाच पाडलं होतं. मी निर्णय द्यावा असं ठरलं. मी म्हटलं, दोघांचं माप बरोबर आहे. याने दोघंही दुखावली. बुझोर यांनी मग नुसतं कळावं म्हणून यंत्र थोडं तिरकं लावलं. भिंतीत काहीतरी खचल्यासारखा आवाज झाला, आणि एक मोठा ढलपा आतल्या आत निसटून पलीकडे पडला. धूळ बसली तेव्हा भिंतीला मूठ जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून एक डोळा आमच्याकडे बघत होता.

"मिरच्या भाजल्यात काय?" पानाइतेकाकांचा आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरातला वास त्यांच्यापर्यंत पोचला होता.

संध्याकाळी वायर ओढली. बटण दाबल्यावर एका सेकंदात जोडीदार सापडला. मी दारात उभी राहून बघितलं. मला वाटतं, एवढा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता. वडील तीन डाव खेळले, दोन जिंकले. मग माउस बाजूला ठेवून त्यांनी पांघरूण ओढलं. चोर्बा अर्धा परत आला.

"काय बिघडलं, बाबा? नीट चाललं ना?"

"चाललं." ते छताकडे बघत होते. "फासे खरे पडतात."

"मग?"

"मग मी त्याला म्हणू काय?"

सोमवारी शाळेतून येताना मी आणखी काय करता येईल याचाच विचार करत होते. संगणकाच्या फाशांत थोडी लबाडी लिहून टाकावी, इथवर मी गेले होते. दार उघडलं तर पलंग रिकामा. चौपायी आधार नव्हता, टोपी जमिनीवर होती. मी आत धावले.

पलंगापासून त्या भिंतीपर्यंत आठ पावलं आहेत. मी नंतर मोजली. वडील भिंतीपाशी खुर्चीत बसले होते. स्टुलावरचा संगणक खाली उतरवलेला, त्याच्या जागी ताब्लेचा जुना लाकडी पट. पलीकडून लाकडावर फासे वाजले.

"सहा-सहा," भोक म्हणालं.

"खोटारड्या," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा चकाकत होता. "एक गडगडत खाली पडला, मी ऐकला. तो तीन होता."

"पडताना ऐकून तीन कळतो तुला?"

"तेहेतीस वर्षं ऐकतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आग्लाया, ती वायर काढ बरं भोकातून. फासे नीट ऐकू येत नाहीत."

मी वायर काढली. गुंडाळून खणात ठेवली. राउटर खाली ठिबकत्या चादरीखाली आपलं काम करत होता. दवंडी वेशीबाहेर सोडत नव्हता, आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं. माझ्यावरची बंदी अजून दोन्ही फलकांवर आहे.

वडिलांनी फासे मुठीत घेतले, त्यांच्यावर फुंकर घातली आणि टाकले. मी मागे उभी होते. एका फाशावर तीन पडले, दुसऱ्यावर एक.

"पाच-पाच," वडिलांनी भोकात सांगितलं.

पलीकडे खुर्ची करकरली. मग पानाइतेकाका आवाज चढवून म्हणाले, "मास्तरीणबाई आल्यात ना? दार वाजलेलं ऐकलं मी. त्यांना विचारतो. मास्तरीणबाई, तुम्ही कधी माप वाकवलेलं नाही. काय पडलं?"

वडिलांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पट माझ्यासमोर होता, उजेड चांगला होता, आकडे स्पष्ट होते.

"पाच-पाच," मी म्हणाले.

भिंतीपलीकडून आम्हा दोघांना, समान संख्येने, शिव्या आल्या. वडिलांनी सोंगट्या हलवल्या आणि मला विचारलं, त्या भाजलेल्या मिरच्या उरल्यात का.